सोमवारी सकाळी लॉगिन बिनबोभाट कसं व्हायचं? फोंड्याकडच्या एका दुकानाचं प्रकरण

फोंडा, म्हापसा, डिचोली अशा गावांतल्या दुकानांचे कॉम्प्युटर आणि हिशेबाची सॉफ्टवेअर्स सांभाळायचं काम मी करतो. हे प्रकरण मागच्या पावसातलं. दुकानाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि जागेचे काही तपशील बदलले आहेत. बिघाड कसा सापडला, तो भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं रंग आणि हार्डवेअरचं दुकान. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना शेट म्हणतात. गोदाम पुतण्या बघतो. काउंटर आणि बिलं एक तरुण मुलगी सांभाळते, तिला सगळे बाय म्हणतात. अकाउंटंट मडगावला बसतात आणि महिन्याचं जीएसटीचं काम तिथूनच करतात.

हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालणारं. शेटनी ते घेतलं तेव्हा एकाच युजरचे पैसे भरले होते. तोच आयडी आणि तोच पासवर्ड काउंटरवर, गोदामात आणि मडगावला. पासवर्ड काउंटरमागच्या दिनदर्शिकेवर पेनाने लिहिलेला.

दिवस ऑगस्टचे होते. गोव्यात चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, घराला रंग काढायचा असतो, त्यामुळे पावसाने दोन दिवस उघडीप दिली की रंगाच्या दुकानात उभं राहायला जागा मिळत नाही. एकेका घराचं बिल म्हणजे प्रायमर, पुट्टी, दोन-तीन शेड, ब्रश, रोलर, पॉलिश पेपर धरून वीस-बावीस ओळी. आणि ११ तारीख जवळ आली होती. दरमहा रिटर्न भरणाऱ्या दुकानाला आदल्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटीआर-१ चालू महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. ते चुकलं तर फटका गिऱ्हाइकाला बसतो. ठेकेदाराच्या खात्यात जीएसटीआर-२बी, म्हणजे त्याच्या खरेदीची यादी, १४ तारखेला तयार होतं, आपलं बिल त्यात दिसलं नाही तर त्यावर भरलेल्या कराचं त्याचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि त्याचा फोन थेट शेटना येतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावर फिरलं. दोन वर्षांपूर्वी विजेच्या कडकडाटात दुकानाचं मोडेम आणि यूपीएस जळालं होतं. तेव्हापासून जून उजाडला की शेट दुपारी जेवायला जाताना आणि रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच खाली पाडतात. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद.

अडचण

शेटचा फोन आला तो असा: "सॉफ्टवेअर सारखं बाहेर फेकतं. बाय काहीतरी भलतंच दाबते असं वाटतं. येऊन एकदा बघ, नाहीतर मी दुसरं सॉफ्टवेअर घेतो."

गेलो तेव्हा काउंटरवर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. बायने पासवर्ड टाकला, पान क्षणभर उघडलं, वर दुकानाचं नावही दिसलं, आणि परत लॉगिनचं पान. खाली लाल पट्टीत "सेशन संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा". सेशन म्हणजे लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ. तिने पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पासवर्ड चुकला असता तर सॉफ्टवेअरने पासवर्ड चुकला असंच सांगितलं असतं. इथे तर दार उघडत होतं आणि लगेच बंद होत होतं.

गिऱ्हाइकाला परत पाठवता येत नाही म्हणून अशा वेळी ती एक्सेलमध्ये एस्टिमेट करून द्यायची आणि लॉगिन झालं की त्याचं बिल करायची. त्या एस्टिमेटवरून तिला दोनदा बोलणी बसली होती, कारण त्यावर आदल्या दिवसाची तारीख छापून आली होती. "तारीखसुद्धा नीट घालता येत नाही" असं शेट तिला चार लोकांसमोर बोलले होते. तारीख मी घालतच नाही, ती आपोआप येते, असं ती सांगत राहिली. कोणी ऐकलं नाही. मीही त्या दिवशी तिचं हे बोलणं पुढे नेलं नाही, याची मला आजही खंत आहे. उत्तर तिच्या त्या एका वाक्यात होतं.

दुसरी तक्रार पुतण्याची. बिल भरता भरता मध्येच सेशन जातं. आदल्याच दिवशी बावीस ओळींचं बिल झालं होतं, शेवटची ओळ टर्पेंटाइनची, सेव्ह दाबलं आणि समोर लॉगिनचं पान. सगळं बिल पहिल्यापासून.

पहिली भेट, आणि तिथे झालेली चूक

कंपनीच्या हेल्पलाइनने तिन्ही वेळा एकच सांगितलं होतं: कॅश आणि कुकी, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फायली, काढा, राउटर बंद-चालू करा. मी पोचलो आणि समोर गर्दी बघून मीही तेच केलं. ब्राउझरचा सगळा साठा पुसला, राउटर बंद करून चालू केला, लॉगिन केलं. झालं! शेट खूश, मी घरी.

तिथे मी दोन गोष्टी गमावल्या. एक, बिघाड चालू असताना तो बघायची संधी. दुसरी, ब्राउझरमध्ये जे काही साठलेलं होतं, ज्यातून काही कळलं असतं, ते माझ्याच हाताने पुसलं गेलं. राउटर चालू होऊन नेट परत यायला, पासवर्ड पुन्हा टाकायला, मध्ये चहा, असं करून पाऊण तास गेला होता. त्या पाऊण तासात बिघाड आपोआप बरा झाला असेल, ही शंका मला आली नाही. दुकानातल्या सगळ्यांचंही हेच झालं होतं. पुतण्याचा इलाज राउटर, बायचा इलाज ब्राउझर बंद करून उघडणं, शेटचा इलाज हेल्पलाइनला फोन. प्रत्येकाचा इलाज लागू पडत होता, कारण त्याला लागणारा वेळच खरा इलाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला पुन्हा फोन.

समोर असलेले पर्याय

त्या सकाळी शेट, पुतण्या आणि मी बसलो. बायलाही मी बोलावून घेतलं, काउंटर दहा मिनिटं पुतण्याच्या मदतनिसाकडे दिलं.

शेटना सॉफ्टवेअर बदलायचं होतं. मी विरोध केला. ११ तारीख तोंडावर, चवथीची गर्दी, अर्ध्या वर्षाच्या नोंदी आणि उधारी नवीन ठिकाणी न्यायची, आणि कारण कळलेलं नसताना. कारण दुकानातच असेल तर ते नवीन सॉफ्टवेअरसोबतही राहणार.

पुतण्या म्हणत होता, काउंटरचा कॉम्प्युटर फॉरमॅट करू. हा जुना कॉम्प्युटर, त्याला वाटत होतं व्हायरस असेल. पण मग गोदामातल्या कॉम्प्युटरवर मधेच सेशन का जातं, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे "मला लॉगिन ठेवा" ही खूण करून सगळीकडे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवायचा. हा मी ऐकताच नाकारला. पासवर्ड टाकण्याची अडचण मुळात नव्हतीच, आणि काउंटरवर कोणीही येऊन उभं राहतं.

चौथा पर्याय माझा होता आणि तो कोणाला आवडला नाही: सहा दिवस काही बदलायचं नाही, फक्त लिहून ठेवायचं. दोनशे पानी वही, त्यात चारच गोष्टी. वेळ, कुठला कॉम्प्युटर, तेव्हा काय करत होतो, आणि त्याच क्षणी तेच लॉगिन शेटच्या मोबाइलवर होतं का. गिऱ्हाइक समोर असताना कोण लिहिणार, असं शेट म्हणाले. बाय म्हणाली, मी लिहीन. तिला ते हवंच होतं. आपल्यावर आलेला ठपका कागदावर खोटा ठरावा, असं तिला वाटत होतं, आणि का वाटू नये?

वहीत काय निघालं

मंगळवार ते शनिवार आणि मधला रविवार सोडून पुढचा सोमवार, अशा सहा दिवसांत १९ नोंदी झाल्या. वही घेऊन मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या.

अकरा नोंदी फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरच्या होत्या, आणि त्या सगळ्या दुकान उघडल्याउघडल्या: पाच सकाळी सव्वानऊच्या आसपास, सहा दुपारी साडेतीनच्या. त्या प्रत्येक वेळी शेटच्या मोबाइलवर तेच लॉगिन सुरळीत झालं होतं. वीस ते चाळीस मिनिटांत त्रास आपोआप थांबला होता.

उरलेल्या आठ नोंदी कुठल्याही वेळच्या, काउंटर आणि गोदाम दोन्हीकडच्या, आणि कायम काम चालू असताना. म्हणजे आजार दोन होते आणि दिसणारी लाल पट्टी एकच होती. इतके दिवस आम्ही दोन्हींवर मिळून एकच औषध शोधत होतो.

आठांचा उलगडा पटकन झाला. मडगावच्या अकाउंटंटना फोन करून त्या आठवड्यात त्यांनी कधी लॉगिन केलं ते विचारलं. त्यांच्याकडे कामाची नोंद होती आणि आठपैकी सात वेळा ती जुळली. या सॉफ्टवेअरमध्ये एका आयडीवर एका वेळी एकाच ठिकाणचं सेशन राहतं, दुसऱ्या ठिकाणचा माणूस आत आला की जुना बाहेर. ११ तारीख जवळ येईल तसे ते जास्त वेळा आत येत होते, म्हणून त्रासही वाढत होता. आठवी नोंद पुतण्याची होती. चहाला जाऊन आल्यावर सेशन गेलं होतं. बराच वेळ हालचाल नसली की सेशन बंद होतं, ते तसंच व्हायला हवं.

अकरांचं कोडं मात्र सुटेना. पाच आणि सहा का? सहा दिवसांत सकाळीही सहाच नोंदी हव्या होत्या. पानं उलटून बघितलं तर सोमवारची सकाळ कोरी. रविवारी दिवसभर बंद राहिलेल्या दुकानात सोमवारी त्रास जास्त व्हायला हवा, इथे मुळीच नाही.

मी बायला विचारलं, सोमवारी सकाळी लिहायचं राहिलं का?

"नाही दादा, सोमवारी होतच नाही. सोमवारी आम्ही तारीख लावतो ना."

तारीख लावतो म्हणजे काय? जूनपासून दर सोमवारी कॉम्प्युटर शनिवारची तारीख दाखवतो. एका ठेकेदाराने एस्टिमेटवरच्या चुकीच्या तारखेवरून वाद घातला, तेव्हापासून सोमवारी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे हाताने तारीख आणि वेळ नीट करणं. दुकान झाडावं, देवाला उदबत्ती लावावी, तशी तारीख लावावी. इतकं अंगवळणी पडलेलं की त्रास सांगताना ते कोणाच्या तोंडून निघालंच नाही.

कारण

दुपारी साडेतीनला मी मुद्दाम हजर राहिलो. शेटनी मेन स्विच वर केला, काउंटरचा कॉम्प्युटर सुरू झाला. खालच्या कोपऱ्यात वेळ होती १ वाजून ६ मिनिटं. माझ्या मनगटावर ३ वाजून ३४. बायने लॉगिन केलं, पान परत फिरलं. या वेळी मी काही पुसलं नाही. ब्राउझरमधली डेव्हलपरची खिडकी उघडली, पानामागचे निरोप तिथे दिसतात. तिथे इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा: हे टोकन भविष्यातल्या वेळी दिलेलं आहे.

पासवर्ड बरोबर निघाला की सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो, बसच्या पाससारखं. ते कोणाला दिलं, कधी दिलं आणि कधीपर्यंत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. पानातला कोड ते वाचतो आणि दिलेली वेळ समोरच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. दोन घड्याळांत थोडं मागेपुढे असतंच, म्हणून काही मिनिटांची सूट ठेवलेली असते. इथे टोकनवर साडेतीन आणि कॉम्प्युटरवर सव्वासुद्धा वाजलेला नाही. अडीच तासांनंतर मिळणारा पास आत्ताच हातात कसा, म्हणून कोड तो नाकारतो आणि परत लॉगिनवर आणून सोडतो. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून वेळ घेतं, म्हणून तिथे कधीच अडलं नाही.

घड्याळ का थांबत होतं, तर मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद केला तरी प्लगमध्ये वीज असते तोवर आतलं घड्याळ त्या विजेवर चालतं. मेन स्विच पाडला की सगळा भार सेलवर. सेल जुना झाला होता, घड्याळ पुढे रेटायची ताकद त्याच्यात नव्हती. दुकान बंद होताना जी वेळ असायची तिथेच घड्याळ थांबायचं आणि वीज आली की तिथून पुढे चालायचं. उन्हाळ्यात मेन स्विच चालू असायचा, म्हणून जूनच्या आधी कोणाला काही जाणवलं नाही. गोदामातला कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, मेन स्विच पाडला तरी त्याची वीज जात नाही.

आणि सोमवार? विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवतं, पण नेट आल्याबरोबर नाही, थोड्या वेळाने. तेच ते वीस-चाळीस मिनिटं. मात्र त्याला एक मर्यादा आहे: फरक १५ तासांहून जास्त असेल तर साध्या कॉम्प्युटरवर विंडोजची वेळेची सेवा तो दुरुस्त करायला नकार देते. रात्री आठ ते सकाळी सव्वानऊ म्हणजे तेरा तास, ते जुळून जायचं. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ म्हणजे सदतीस तास, ते जुळायचंच नाही, तारीख दिवसभर चुकीचीच राहायची. म्हणून ती हाताने लावावी लागायची, आणि ती लावल्यामुळे लॉगिन बिनबोभाट व्हायचं. घड्याळ काही वर्षं मागे गेलं असतं तर ब्राउझरने स्वतःच बोंब मारली असती, कारण वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसलं असतं. काही तासांच्या फरकाने तसं होत नाही. म्हणून सगळं शांतपणे चाललं होतं.

काय केलं, आणि काय मुद्दाम केलं नाही

११ तारखेला तेव्हा दोन दिवस उरले होते. सेल त्याच संध्याकाळी बदलला. बायोसमधली, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाची मूळ, मांडणी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवली, कारण सेल काढल्यावर ती मूळपदावर जाऊ शकते. जुना सेल मीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता. शंभर रुपयेसुद्धा न लागणारी वस्तू. विंडोजमध्ये टाइम झोन भारताचाच आहे ना तेही पाहिलं. हे पाहणं गरजेचं असतं: झोन चुकीचा ठेवून वेळ हाताने बरोबर लावली, तर पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते आणि आतून मात्र कित्येक तासांचा फरक राहतो.

वेगळे युजर मात्र लगेच केले नाहीत. इथे पुतण्याशी माझं थोडं वाजलं. त्याला सगळं आजच हवं होतं. माझं म्हणणं, रिटर्नच्या तोंडावर कोणाला काय दिसेल आणि कोण काय बदलू शकेल हे हलवायचं नाही. चुकून अकाउंटंटचाच रस्ता अडला तर निस्तरायला वेळ नाही. तोवर साधी तडजोड केली. अकाउंटंटनी एक ते साडेतीनमध्ये आणि रात्री आठनंतर लॉगिन करायचं, दुकान बंद असताना. त्यांनी ते आनंदाने मानलं, त्यांचंही काम मधेच तुटत होतंच.

रिटर्न वेळेत गेलं. १२ तारखेला तीन युजर केले. बायला विक्रीची बिलं, पुतण्याला मालाची आवक-जावक, अकाउंटंटना नोंदी आणि रिपोर्ट. शेटना वाढीव पैसे खटकले. मी त्यांना एवढंच विचारलं, गेल्या महिन्यात चुकलेली नोंद कोणी केली हे आता सांगता येईल का? कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. शेटच्या मालकीच्या दुकानाला तो नियम नाही, पण एका आयडीवर तिघे बसले की दोष कोणाच्या माथी मारायचा हे आवाज कोणाचा मोठा यावर ठरतं. त्या दुकानात ते ठरलं होतं. दिनदर्शिकेवरचा पासवर्ड बायनेच काळ्या पेनाने खोडला.

मेन स्विच पाडायची सवय मोडायला मी सांगितलं नाही. मोडेम खरंच जळालं होतं, शेटची भीती खरी आहे.

निष्पत्ती

चवथीपर्यंत वही चालू ठेवली. काउंटरवर उघडताना होणारा त्रास पुन्हा एकदाही झाला नाही. मधेच सेशन जाण्याच्या दोन नोंदी झाल्या, दोन्ही बराच वेळ हात न लावल्याच्या. सोमवारी तारीख लावायची वेळ आली नाही.

सेल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात होतो. शेटनी बायला हाक मारली आणि काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "बाय, तारखेचं तू बरोबर सांगत होतीस." ती काही बोलली नाही, शेड कार्ड आवरत राहिली. बोलणी लोकांसमोर बसली होती, तेव्हा हे वाक्यही लोकांसमोरच यायला हवं होतं, आणि शेटना ते आपणहून सुचलं.

पुन्हा असं काम आलं तर

पहिल्या भेटीत मी आधी काही पुसणार नाही. लॉगिनचा त्रास सांगितला की अगोदर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ आणि तारीख बघायची, हे आता माझं पहिलं काम आहे. त्याला दहा सेकंद लागतात. दुसरं, तेच लॉगिन मोबाइलवर करून बघायचं, म्हणजे दोष खात्यात आहे की त्या एका यंत्रात हे लगेच कळतं. तिसरं, एका आयडीवर किती माणसं आहेत हे विचारायचं. आणि "हे सोडून तुम्हाला रोज किंवा दर आठवड्याला कॉम्प्युटरवर काय नीट करावं लागतं?" हा प्रश्न काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारायचा, मालकाला नाही.

सहा दिवस वही ठेवणं गरजेचं होतं का, यावर माझं मन अजून दुभंगलेलं आहे. डेव्हलपरची खिडकी मी पहिल्याच दिवशी उघडली असती तर घड्याळ त्याच दिवशी सापडलं असतं. पण मग कदाचित मी तेवढंच दुरुस्त करून निघालो असतो, आणि उरलेल्या आठ नोंदींचा दोष पुन्हा बायवर गेला असता.

सॉफ्टवेअरच्या कंपनीला मी लिहिलं आहे की तीन वेगळ्या कारणांसाठी एकच लाल पट्टी दाखवू नका. दुसरीकडून लॉगिन झालं असेल तर तसं सांगा, घड्याळ चुकलं असेल तर तसं सांगा. अजून उत्तर आलेलं नाही. शेटच्या घरचा जुना कॉम्प्युटरही याच वयाचा आहे, त्याचा सेल मे महिन्यात, पावसाआधी बदलायचं ठरलं आहे. बायने वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवलं आहे.